सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जगात नियमित चालणाऱ्या प्रवासी उड्डाणांत सर्वांत लांबचं उड्डाण म्हणून सिंगापूर–न्यूयॉर्कचं नाव घेतलं जातं, आणि त्यामुळे या मार्गाबद्दल प्रश्नही सर्वांत जास्त येतात. बहुतेकांना दोनच आकडे हवे असतात. ते पहिल्याच उत्तरात दिले आहेत. पण अंतराचा आकडा एक आणि वेळेचे आकडे चार, असं का होतं हे ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी बाकीचं पान आहे. गंमत तिथेच आहे.

थोडक्यात सांगा, अंतर किती आणि वेळ किती?

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ हे हवाई अंतर १५,३४९ किलोमीटर आहे. मैलांत ९,५३७ आणि सागरी मैलांत सुमारे ८,२८८. विनाथांबा विमानाला वेळापत्रकात साधारण साडेअठरा ते पावणेएकोणीस तास दिलेले असतात. हंगामानुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो.

हे अंतर नक्की कुठून कुठपर्यंत धरतात?

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ कुठेतरी. त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात आणि अंतर या दोन बिंदूंमधलं असतं. गेटपासूनचं नाही, शहराच्या मध्यापासूनचं तर नाहीच.

मला एका ठिकाणी १५,३३९ किमी दिसलं, दुसरीकडे १५,३४९. खरं कोणतं?

दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त त्यांनी धरलेली पृथ्वी वेगळी आहे. चांगीचं स्थान १.३६ अंश उत्तर, १०३.९९ अंश पूर्व, केनेडीचं ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. पृथ्वी हा ६,३७१ किमी त्रिज्येचा नितळ गोळा मानला आणि शाळेतल्या त्रिकोणमितीने अंतर काढलं, तर उत्तर १५,३३९ च्या आसपास येतं. पण पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी दबलेली आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवावर ६,३५७. हा फुगवटा हिशेबात घेतला की दहाएक किलोमीटर वाढतात. पंधरा हजारांत दहा किलोमीटर म्हणजे विमानासाठी एक मिनिटसुद्धा नाही. त्यावरून वाद घालणाऱ्यांना माझा नमस्कार.

खरा घोळ मैलांचा असतो. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. पायलट आणि विमान बनवणाऱ्या कंपन्या सागरी मैलांत बोलतात, प्रवाशांसाठीची पानं बहुधा साध्या मैलांत. "विमानाचा पल्ला ९,७०० मैल आणि अंतर ९,५३७ मैल, म्हणजे इंधन जेमतेमच की!" अशी काळजी करणारे संदेश मला येतात. त्यातले ९,७०० हे सागरी मैल आहेत, म्हणजे जवळपास १८,००० किमी. काळजी नसावी.

न्यूयॉर्कला तर बरेच विमानतळ आहेत. नेवार्कला गेलो तर अंतर किती बदलतं?

फक्त पाच किलोमीटर. सिंगापूर–नेवार्क १५,३४४ किमी आहे. केनेडी आणि नेवार्क एकमेकांपासून सुमारे ३३ किमीवर आहेत, पण सिंगापूरकडून येणाऱ्या सरळ रेषेच्या दृष्टीने ते जवळपास शेजारी-शेजारी उभे आहेत, एकामागे एक नाहीत. तिसरा, लागार्डिया, या चर्चेत येतच नाही. तिथून १,५०० मैलांपलीकडच्या विनाथांबा उड्डाणांना मनाई आहे. डेन्व्हर आणि शनिवार एवढे अपवाद.

नकाशावर तर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं. मग सरळ रेष उत्तर ध्रुवाकडे कशी जाते?

कारण नकाशा सपाट आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप चीन, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि कॅनडा असा वर चढून खाली उतरेल. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट नेहमी बृहद्‌वृत्ताचा तुकडा असते, म्हणजे ज्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळतं त्याचा.

या जोडीची खासियत अशी की दोघांच्या रेखांशांत १७७.८ अंशांचा फरक आहे. १८० असता तर दोन्ही शहरं एकाच पूर्ण वर्तुळावर, ध्रुवाच्या अल्याड-पल्याड आली असती आणि दोरा थेट ध्रुवावरून गेला असता. सव्वादोन अंश कमी असल्याने तो ध्रुवापासून साधारण २८० किमीवरून जातो.

म्हणजे विमान खरोखर ध्रुवावरून जातं?

बहुतेक वेळा नाही. १५,३४९ हा आकडा ज्या रेषेचा आहे, ती रेषा जशीच्या तशी जवळपास कुणीच उडत नाही. सिंगापूरहून निघालेलं विमान सहसा ईशान्येला वळतं, जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडतं आणि अलास्का किंवा कॅनडाच्या अंगाने अमेरिकेत शिरतं. प्रत्यक्ष उडलेलं अंतर अनेकदा १६,००० किमीच्या पुढे जातं. आणि तरीही हा रस्ता फायद्याचा ठरतो.

लांबचा रस्ता घेऊन लवकर पोहोचणार? हे पटत नाही.

पटावं म्हणून आधी अंतराचं पाहू, मग वाऱ्याचं.

समजा तुम्हाला सिंगापूरहून टोकियोच्या नारिता विमानतळावरून वळसा घालून न्यूयॉर्क गाठायचं आहे. सिंगापूर–नारिता सुमारे ५,३५० किमी, नारिता–न्यूयॉर्क सुमारे १०,८३०. बेरीज १६,१८० च्या आसपास. आता अगदी उलट्या दिशेने, युरोपातल्या फ्रँकफर्टवरून जा. सिंगापूर–फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० आणि फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क सुमारे ६,२००, मिळून १६,५००. एक रस्ता पॅसिफिकवरून, दुसरा अटलांटिकवरून, सगळं जग मध्ये, आणि दोन्हींची लांबी सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा फक्त पाच ते साडेसात टक्क्यांनी जास्त!

असं होतं कारण ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत. उत्तर ध्रुवावर उभं राहून दक्षिण ध्रुवाकडे जायचं म्हटलं, तर कुठल्याही दिशेने निघा, अंतर तेवढंच. सिंगापूर आणि न्यूयॉर्क इतके नेमके विरुद्ध नाहीत, पण जितकं त्या अवस्थेच्या जवळ जावं तितकी दिशेची निवड स्वस्त होत जाते.

आता वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात. यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमीच्या पुढे सहज जातो, कधी ३०० च्याही. पूर्व आशिया आणि जपानवरचा पट्टा तर सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक. विमान स्वतः हवेतून ताशी ९०० किमीच्या आसपास कापत असतं (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट), पण ज्या हवेतून ते जातंय ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीच्या हिशेबाने दोन्ही वेगांची बेरीज होते.

हिशेब करून बघा. १५,३४९ किमीच्या जवळच्या वाटेवर सरासरी ताशी ५० किमीचा समोरचा वारा लागला, तर ८५० च्या वेगाने १८ तास ३ मिनिटं. १६,२०० किमीच्या लांबच्या वाटेवर पाठीमागून तेवढाच वारा मिळाला, तर ९५० च्या वेगाने १७ तास ३ मिनिटं. साडेआठशे किलोमीटर जास्त जाऊन एक तास कमी. ५० हा आकडा मी उदाहरणापुरता धरला आहे. रोजचा वारा रोज वेगळा. म्हणूनच या उड्डाणाचा मार्ग आदल्या आठवड्यात ठरलेला नसतो. ताज्या हवामान-अंदाजावरून उड्डाणाच्या काही तास आधी तो आखला जातो, आणि काल पॅसिफिकवरून गेलेलं विमान उद्या वेगळ्याच वाटेने गेलं तर त्यात नवल नाही.

मग परत येताना समोरचा वारा लागून जास्त वेळ लागत असेल?

लागला असता, जर विमान त्याच वाटेने परतलं असतं तर. पण न्यूयॉर्कहून निघालेलं विमान बहुधा पुन्हा पूर्वेलाच तोंड करतं: अटलांटिक, युरोप, मग आशिया. जातानाही पाठीशी वारा, येतानाही पाठीशी वारा! म्हणून दोन्ही बाजूंच्या वेळा जवळपास सारख्या राहतात. जाऊन-येऊन प्रवास केलेल्या माणसाची, त्याला न कळत, पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झालेली असते.

जवळच्या विमानतळांना ही चैन नाही. लंडन–न्यूयॉर्क ५,५४० किमी आहे. अटलांटिक टाळून पूर्वेकडून न्यूयॉर्क गाठणं हा वेडेपणा झाला. त्यामुळे तिथे वाऱ्याचा फरक उघडा पडतो. न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे सात तास, लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाबरोबर आलेल्या जेट स्ट्रीमवर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला, म्हणून काहींनी "ध्वनीपेक्षा वेगवान जंबो" अशी बातमी केली. ते विमान भोवतीच्या हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. हवाच धावत होती.

पृथ्वी फिरते म्हणून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वेगळा वेळ लागतो ना?

नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. नुसतं वर जाऊन तरंगत राहिलं आणि खालची जमीन सरकली, असं घडत असतं तर विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने पूर्वेकडे जाते. पश्चिमेचा प्रवास चुटकीसरशी झाला असता. घडतं नेमकं उलटं. जेट स्ट्रीमची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढाच काय तो संबंध.

जाताना-येताना वाऱ्याचा नफा-तोटा फिटतो का?

फिटत नाही, तोटा थोडा जास्त राहतो. १०,००० किमी अंतर, विमानाचा वेग ९००, वारा १००. पाठीशी वारा असताना १० तास. समोरून असताना साडेबारा. दोन्हींची सरासरी सव्वाअकरा तास, तर वारा नसताना ११ तास ७ मिनिटं लागली असती. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता, म्हणून.

वेळापत्रकातले साडेअठरा तास म्हणजे हवेतला वेळ?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. वेळापत्रकात असतो तो ब्लॉक टाइम: निघताना चाकांखालचे ठोकळे काढून विमान गेटवरून हलल्यापासून, पोहोचल्यावर गेटला लागून ठोकळे परत लावेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंतचं टॅक्सी करणं (म्हणजे विमानाने जमिनीवरून चाकांवर सरकत जाणं), रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या, उतरल्यावर गेट मोकळं होण्याची वाट पाहणं, सगळं आलं. केनेडीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर नुसत्या टॅक्सीला अर्धा तास जाणं ही रोजचीच गोष्ट.

अंतर सांगणारी संकेतस्थळं मात्र बहुधा फक्त हवेतला वेळ देतात, तोही एका ठरावीक वेगाने भागाकार करून. त्यामुळे एकीकडे १७ तास आणि तिकिटावर १८ तास ४० मिनिटं दिसतात. पुढचं विमान पकडायचं असेल, कुणाला न्यायला बोलवायचं असेल, तर तिकिटावरचाच आकडा धरा. दुसरा आकडा कुतूहलापुरता ठीक आहे.

विमान तासभर उशिरा सुटलं तरी वेळेवर पोहोचलं. वेग वाढवला का?

थोडासा वाढवला असेल, पण त्याने मिनिटं वाचतात, तास नाही. आणि इंधन जास्त जळतं. मुख्य कारण असं की विमान कंपन्या ब्लॉक टाइम ठरवताना आधीच सैल हात ठेवतात. त्या दिवशी वारा चांगला असला की तो राखीव वेळ तुमच्या पदरात पडतो. याच मार्गावर नेवार्कसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेलं पहिलंच उड्डाण १८ तासांच्या आत पोहोचलं होतं.

दुपारी १२ वाजता सिंगापूरहून निघालो तर न्यूयॉर्कला किती वाजता पोहोचेन?

सिंगापूरची प्रमाणवेळ वैश्विक वेळेच्या ८ तास पुढे. न्यूयॉर्कची ५ तास मागे, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, म्हणून ४ तास मागे. सिंगापूर घड्याळाला हात लावत नाही. म्हणजे फरक उन्हाळ्यात १२ तासांचा, हिवाळ्यात १३.

दुपारी १२ ला निघून साडेअठरा तासांनी सिंगापूरच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा वाजतील. त्यातून १२ वजा करा: न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेची संध्याकाळ, साडेसहा. हिवाळ्यात साडेपाच. कागदावर प्रवास साडेसहा तासांचा दिसतो. आणि पॅसिफिकच्या वाटेने गेलात तर मध्ये एक अख्खी रात्र येऊन जाते: निघाल्यावर काही तासांत सूर्यास्त, आखूड रात्र, पुन्हा सूर्योदय, आणि उतरताना तारीख तीच!

वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तर हिशेब बदलतो का?

बदलत नाही. पॅसिफिकवरून गेलात तर वाररेषा ओलांडता, अटलांटिकवरून गेलात तर नाही. पोहोचण्याची तारीख दोन्हीकडे तीच निघते. वर केला तसा वैश्विक वेळेच्या फरकाने हिशेब करा आणि वाररेषा विसरून जा.

विनाथांबा आणि डायरेक्ट एकच ना?

बोलण्यात एक, तिकिटावर नाही. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक बदलत नाही. मध्ये थांबा असू शकतो. सिंगापूर एअरलाइन्सचंच उदाहरण घ्या: एसक्यू २४ विनाथांबा केनेडीला जातं, तर एसक्यू २६ सुद्धा केनेडीलाच जातं, पण फ्रँकफर्टला थांबून. अंतर वर पाहिलं तसं हजारएक किलोमीटरनेच वाढतं, म्हणजे हवेतला सव्वा तास. एकूण वेळ मात्र थांब्यासकट चोवीस तासांच्या घरात जातो. एका थांब्याची खरी किंमत अंतरात नसते, ती खाली उतरणं, इंधन भरणं आणि पुन्हा रांगेत लागून वर चढणं यात जाते.

एवढं इंधन एका विमानात मावतं कसं?

या मार्गासाठी एअरबसने ए-३५०-९०० विमानाची खास लांब पल्ल्याची आवृत्ती बनवली. तिच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं, त्या वेळच्या साध्या ए-३५०-९०० पेक्षा २४,००० लिटर जास्त. पूर्ण भरलं तर हे इंधनच सुमारे १३० टन होतं, आणि विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन आहे २८० टन. म्हणजे पूर्ण टाक्यांनिशी उडालं तर जवळजवळ अर्धं विमान इंधनाचं!

लांब पल्ल्याची गोम अशी की इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. पहिल्या तासात जळणारं बरंचसं इंधन हे शेवटच्या तासांचं इंधन उचलण्यासाठी जळत असतं. म्हणून बाकीचं वजन कमी करावं लागतं. या विमानात फक्त १६१ आसनं आहेत: ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. एरवी याच आकाराच्या विमानात तीनशेच्या वर माणसं बसतात.

जड विमान एकदम उंच जाऊ शकत नाही. सुरुवातीला ते ३०,००० फुटांच्या आसपास राहतं आणि इंधन जळून हलकं होईल तसं पायरी-पायरीने ४०,००० फुटांकडे चढतं. आसनासमोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा दर काही तासांनी वाढलेला दिसला तर कारण हे.

इंधन नेमकं अंतरापुरतंच भरतात का?

कधीच नाही. प्रवासाचं, शिवाय वारा-हवामान बिघडलं तर म्हणून थोडं जास्तीचं, शिवाय ठरलेला विमानतळ बंद मिळाल्यास पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याउपर किमान तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं अंतिम राखीव. हे नियमाने बांधलेलं आहे.

हा मार्ग मध्ये बंद होता असं ऐकलं.

होता. सिंगापूर–नेवार्क विनाथांबा सेवा २००४ मध्ये ए-३४०-५०० विमानांनी सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात थांबली. त्या विमानाला चार इंजिनं होती आणि इंधनाच्या खर्चाने गणित जुळेना. शेवटची काही वर्षं तर त्यात फक्त १०० बिझनेस आसनं ठेवून पाहिली गेली. दोन इंजिनांचं, कमी इंधन पिणारं ए-३५० आल्यावर ११ ऑक्टोबर २०१८ ला नेवार्कची सेवा परतली. केनेडीची विनाथांबा सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि पाच किलोमीटरच्या फरकाने लांबीचा मान तिच्याकडे गेला.

दोनच इंजिनं, आणि खाली महासागर. एक बंद पडलं तर?

विमान एका इंजिनावर उडू शकतं, मात्र कमी उंचीवर आणि कमी वेगाने. म्हणून दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवायचा, असा नियम आहे. ए-३५०-९०० ला युरोपच्या नियामकाने २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिली आहे. एवढ्या मर्यादेत उत्तर पॅसिफिक आणि आर्क्टिक दोन्ही आरामात बसतात.

पायलट एवढे तास जागे राहतात?

नाही. विमानात चार पायलट असतात आणि पाळ्या लावून विश्रांती घेतात. त्यांच्यासाठी झोपायची वेगळी जागा असते, प्रवाशांना ती दिसत नाही.

ध्रुवाजवळून जायला अडचण काय आहे?

अशक्य नाही, अनेक विमानं जातात. पण तिथे हवा फार थंड असली तर टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे. सूर्यावर वादळ उठलं की तिथला रेडिओ संपर्क बिघडतो आणि उड्डाणं दक्षिणेकडे वळवतात. तिसरी अडचण राजकारणाची.

हवाई हद्दी बंद झाल्याने अंतर वाढतं का?

विमानतळ जागचे हलत नाहीत, त्यामुळे पानावरचं अंतर तेच राहतं. वेळ मात्र कुठच्या कुठे जाते. सर्वांत बोलकं उदाहरण हेलसिंकी–टोकियोचं. फेब्रुवारी २०२२ नंतर फिनएअरला रशियावरून जाणं बंद झालं आणि सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. विमानं उत्तर ध्रुवावरून वळसा घालू लागली. सिंगापूर–न्यूयॉर्कला असा फटका त्या मानाने कमी बसतो, कारण वर पाहिलं तसं त्याच्याकडे दिशांची चंगळ आहे.

याहून लांबचं उड्डाण येणार आहे का?

क्वांटासने सिडनी–लंडन विनाथांबा सेवेची घोषणा केलेली आहे, अंतर सुमारे १७,००० किमी. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी मोजक्या माणसांनिशी लंडनहून सिडनीला चाचणी उड्डाण केलं तेव्हा १९ तास १९ मिनिटं लागली होती. पण एक मर्यादा कुणालाच ओलांडता येणार नाही: पृथ्वीवरचे कुठलेही दोन बिंदू एकमेकांपासून फार तर २०,००४ किमीवर असतात. सिंगापूर–न्यूयॉर्क त्याच्या तीनचतुर्थांशाहून थोडं पुढे आहे.

काँकॉर्डसारखं ध्वनीपेक्षा वेगवान विमान असतं तर?

मध्ये उतरून इंधन भरावं लागलं असतं, तेही दोनदा. काँकॉर्डचा पल्ला ७,२०० किमीच्या आसपास होता.

मला दुसऱ्याच दोन विमानतळांसाठी अंदाज काढायचा आहे. सोपा ठोकताळा?

हवाई अंतराला (किमीत) ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. १५,३४९ भागिले ८५० म्हणजे १८ तास, अधिक अर्धा: साडेअठरा. लंडन–न्यूयॉर्कला साडेसहा अधिक अर्धा, सात. पश्चिमेकडे जाताना मध्य अक्षांशांत तासभर वाढवा. हजार किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना हा ठोकताळा लावू नका. तिथे चढण्या-उतरण्यातच सगळा वेळ जातो आणि उत्तर नेहमी कमी येतं.

परतीच्या तिकिटावर वेळेपुढे "+२" लिहिलंय. छपाईची चूक?

चूक नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून रात्री १० ला निघालात, १८ तास ४५ मिनिटांनी तिथल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी दुपारचे पावणेपाच होतात. त्यात १२ तास मिळवले की सिंगापूरमध्ये तिसऱ्या दिवसाची पहाट, पावणेपाच. सोमवारी निघालेला माणूस बुधवारी उतरतो. मंगळवार विमानातच जातो, तेव्हा हॉटेल मंगळवार रात्रीपासून घ्या, नाहीतर पहाटे पाचला पोहोचून दुपारपर्यंत लॉबीत बसावं लागेल.